मैदानाच्या नूतनीकरणात परिसरातील सर्वांना कसे सहभागी करून घ्यावे?

लालबागकर (प्रश्न)

लालबाग-परळ भागातील आमच्या चाळी आणि गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या उंच इमारती यांच्या मध्ये महापालिकेचे एक खेळाचे मैदान आहे. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळापासून परिसरातल्या तीन पिढ्या तिथे खेळल्या. आज त्याची अवस्था चांगली नाही. घसरगुंडीचा पत्रा कडेला फाटला आहे, झोपाळ्यांच्या साखळ्या लोंबकळत आहेत पण बैठका नाहीत, कडेने बसवलेले पेव्हर ब्लॉक वडाच्या मुळांनी उचलले आहेत आणि पावसाळाभर मैदानाचा पूर्वेकडचा कोपरा पाण्याखाली असतो. यंदा नूतनीकरणासाठी तरतूद झाली असून, सल्लागार वास्तुविशारदाने आराखडा काढण्यापूर्वी रहिवाशांनी आपल्या सूचना लेखी द्याव्यात, असे आम्हाला कळवण्यात आले आहे.

त्यासाठी मंडळाच्या कार्यालयात एका रविवारी सकाळी बैठक झाली. आलेल्यांमध्ये बहुतेक ज्येष्ठ पुरुष आणि मंडळाचे कार्यकर्ते होते. त्यांच्या मागण्या मनापासूनच्या होत्या: चालण्यासाठी फरसबंद मार्ग, ओपन जिम, बसायला कट्टा, कार्यक्रमांसाठी कायमचा रंगमंच आणि प्रवेशद्वारावर मोठी कमान. दोन-तीन भगिनी आल्या होत्या, पण त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. नव्या इमारतींमधून कोणीही आले नाही. ज्यांच्यासाठी मैदान आहे त्या मुलांना बोलवावे, हे तर आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही. बैठकीनंतर मागण्यांची जी यादी तयार झाली ती मी एका कागदावर मांडून पाहिली, तेव्हा लक्षात आले की ती सगळी बांधली गेली तर खेळायला म्हणून जागाच उरणार नाही.

यादी पाठवायला अजून थोडा अवधी आहे. मला जाणकारांकडून पुढील गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. जे बैठकीला येत नाहीत किंवा आले तरी बोलत नाहीत, त्यांचे म्हणणे कसे मिळवावे? मुलांना विचारायचे तर नेमके काय आणि कसे विचारायचे? मागण्या एकमेकींच्या आड आल्या तर निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घ्यावा? आणि एवढे सगळे करून जे ठरेल ते निविदेपर्यंत टिकावे, यासाठी काय करावे लागते?

आराखडाकार

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करते आणि वस्त्यांमधल्या लहान मोकळ्या जागांच्या आराखड्यांत माझा सहभाग राहिला आहे. आपण यादी पाठवण्याआधी थांबलात, याचे मला फार बरे वाटले, कारण यादी ही सहभागाची सर्वांत कमकुवत पद्धत आहे. लोकांना "तुम्हाला काय हवे?" असे विचारले की ते दुसऱ्या मैदानात किंवा जाहिरातीत पाहिलेल्या वस्तूचे नाव सांगतात. तीच व्यक्ती मैदानात रोज काय करते, कोणत्या वेळी येते, कुठे बसते, कुठे जायचे टाळते आणि का टाळते, हे विचारले तर जी माहिती मिळते तिच्यावर आराखडा उभा राहू शकतो.

म्हणून विचारण्याआधी पाहणी करावी. पॅट्रिक गेडिस हे १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि आधी पाहणी, मग आराखडा हा क्रम त्यांनी आयुष्यभर लावून धरला. शंभर वर्षांनंतरही आपल्या शहरात बहुतेक मैदानांच्या बाबतीत आराखडा आधी येतो आणि पाहणी उद्घाटनाच्या दिवशी होते, याचे मला दुःख आहे. मैदानाचा साधा नकाशा घ्या आणि पहाटे, शाळा सुटल्यावर, भर दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री जेवणानंतर अशा वेगवेगळ्या वेळी, कामाच्या दिवशीही आणि सुटीच्या दिवशीही, कोण कुठे आहे याच्या खुणा त्यावर करा. वय आणि मुलगा की मुलगी एवढे नोंदवले तरी पुरे. दुपारी झाडाखाली डबा खाणारे कामगार, महापालिकेच्या शाळेतून परस्पर येणारी मुले, तान्ह्या बाळांना घेऊन कठड्याजवळ उभ्या राहणाऱ्या आया, हे सगळे मैदान वापरणारे लोक आहेत आणि त्यांच्यापैकी कोणीही आपल्या रविवारच्या बैठकीला येणार नव्हते.

कोण येते याबरोबरच कोण येत नाही, हेही या पाहणीतून दिसते. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात अशाच निरीक्षणातून लक्षात आले की वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षानंतर मुली सार्वजनिक उद्यानांतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येतच राहतात. मोठी सलग जागा एका खेळाने व्यापली की मुली तिथे जागेसाठी भांडत बसत नाहीत, त्या बाहेर पडतात. मग तिथल्या दोन उद्यानांमध्ये जागेचे लहान भाग पाडले, वाटा वाढवल्या, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलसारख्या खेळांची सोय केली आणि मुली परत येऊ लागल्या. व्हिएन्नाचा आराखडा लालबागला चालणार नाही, हे उघड आहे. पण मुलींची संख्या मोजायची ती पद्धत इथे लगेच लागू पडेल. आपल्या मैदानात संध्याकाळी सहा वाजता बारा वर्षांच्या किती मुली असतात, हे नोंदवून पाहा.

पाहणीनंतर बोलणे सुरू करावे, मात्र एका मोठ्या बैठकीत नव्हे. मोठ्या बैठकीत ज्याला बोलायची सवय आहे तोच बोलतो. चाळीच्या एकेका मजल्यावर गॅलरीत, बचत गटाच्या बैठकीला जोडून, इमारतीच्या सोसायटीच्या कार्यालयात, शाळेच्या फाटकाबाहेर मुलांना न्यायला आलेल्या पालकांमध्ये अशा लहान लहान भेटी घ्याव्यात. वेळ त्यांच्या सोयीची असावी. नळाला पाणी येण्याच्या वेळी कोणतीही गृहिणी आपल्याला अर्धा तास देऊ शकणार नाही. भगिनींशी भगिनींनीच बोलावे आणि तिथे अंधार, स्वच्छतागृह, बघ्यांचा त्रास हे विषय मोकळेपणाने निघू द्यावेत, कारण मंडळाच्या कार्यालयात ते निघणार नाहीत.

आराखड्याचा पहिला कच्चा मसुदा तयार झाला की तो कागदावर दाखवून संमती घेऊ नये. नकाशा वाचता येणे हे एक शिक्षण आहे आणि ते बहुतेकांनी घेतलेले नसते. कबड्डीच्या मैदानाला जी चुन्याची फक्की वापरतात तिने तो मसुदा मैदानावर खऱ्या मापात आखा. चालण्याचा मार्ग इथून जाईल, लहान मुलांचा भाग इथे येईल, रंगमंच एवढी जागा घेईल. एक-दोन दिवस लोकांना त्या रेषांमधून वावरू द्या. रंगमंचाची मागणी करणारे गृहस्थ स्वतः त्या चौकोनात उभे राहिले की त्याने मैदानाचा किती भाग खाल्ला, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. या एका कृतीतून जेवढे वाद सुटतात तेवढे दहा बैठकांतून सुटत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

ॲम्स्टरडॅम महापालिकेने दुसऱ्या महायुद्धानंतर जी मैदाने केली त्यांची हकिकत आपल्याला उपयोगी पडेल. वास्तुविशारद आल्डो व्हॅन आयक यांनी १९४७ साली पहिले मैदान केले आणि १९७८ पर्यंत त्यांची संख्या ७०० च्या वर गेली. त्यांपैकी बरीच मैदाने रहिवाशांनी महापालिकेला पत्र लिहून आपल्या गल्लीतली पडीक जागा दाखवल्यामुळे झाली. साहित्यही साधे होते: वाळूचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारायला ठोकळे. कोणत्या वस्तूचा काय उपयोग करायचा, हे मुलांवर सोडलेले होते. हत्तीच्या किंवा किल्ल्याच्या आकाराच्या फायबरच्या वस्तूंवर मोठी रक्कम खर्च करण्यापूर्वी या साधेपणाचा विचार व्हावा, असे मला वाटते.

बालवाडीताई

आराखडाकार ताईंनी पाहणीविषयी जे लिहिले आहे त्याला मी मुलांच्या बाजूने थोडी जोड देते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ खेळण्याच्या हक्काविषयी आहे आणि कलम १२ मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत ऐकून घेण्याविषयी आहे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. मैदानाच्या बाबतीत ही दोन्ही कलमे एकाच वेळी लागू होतात, म्हणून मुलांना विचारणे हे सौजन्य नाही, ते आपले कर्तव्य आहे.

मुलांना विचारायचे म्हटले की आपण चित्रकला स्पर्धा घेतो. "माझे स्वप्नातले मैदान" असा विषय दिला की मुले मॉलमध्ये पाहिलेली घसरगुंडी, कारंजे आणि इंद्रधनुष्य काढतात, आपण बक्षिसे देतो आणि ती चित्रे कपाटात जातात. त्याऐवजी चार-पाच मुलांचा लहान गट घेऊन मैदानातून चालत जा आणि पुढे त्यांना राहू द्या. कुठे खेळता, कुठे लपता, कुठे पडलात, कुठे जायची भीती वाटते, कोण हाकलते, हे जागेवरच विचारा. एक मूल कुंपणाच्या कोपऱ्यातला मातीचा उंचवटा दाखवील आणि तो त्यांचा डोंगर असल्याचे सांगेल. सल्लागाराच्या नकाशात तो उंचवटा "सपाटीकरण" या नावाखाली पुसलेला असतो. तो वाचवायला एक पैसाही लागत नाही.

वयाचे गट वेगळे ठेवावेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी बोलण्यापेक्षा त्यांना पाहणे अधिक उपयोगाचे असते. त्यांना माती, पाणी, चढ-उतार आणि आई दिसेल एवढे अंतर पुरते. सात ते अकरा वर्षांची मुले सर्वांत स्पष्ट बोलतात. बारा वर्षांपुढच्या मुलामुलींना मात्र आपल्या मैदानांत जागाच नसते: घसरगुंडीवरून त्यांना उठवतात, कट्ट्यावरून त्यांना संशयाने पाहतात. त्यांना घोळक्याने बसून बोलायला एखादी जागा हवी असते, ही मागणी खेळाइतकीच खरी आहे. मुलींचा गट मुलांपासून वेगळा बसवा, नाहीतर त्या "चालेल" एवढेच म्हणतात.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याची घसरगुंडी आणि काळ्या रबराची फरशी इतकी तापते की सायंकाळपर्यंत तिला हात लावता येत नाही. सुटीचे महिने तेच आणि सावलीची गरजही तेव्हाच. आपल्याकडे वड आहे. लहान मुलांचा भाग त्याच्या सावलीत कसा येईल, हा प्रश्न सल्लागाराला पहिल्याच भेटीत विचारा.

मैदानावरचा

वर चाललेली चर्चा मी आदराने वाचली, तरी मला एक वेगळी बाजू ठामपणे मांडायची आहे. माझे सगळे लहानपण अशाच एका मैदानावर कबड्डी खेळण्यात गेले आणि आजही मी मुलांना शिकवतो. गेल्या काही वर्षांत मी परिसरातली अनेक मैदाने "सुशोभित" होताना पाहिली. सहभागाच्या नावाखाली प्रत्येक गटाला एकेक तुकडा दिला जातो: ज्येष्ठांना मार्ग, तरुणांना जिम, लहानांना रबराचा चौकोन, मंडळाला रंगमंच. सगळे समाधानी होतात आणि मैदान संपते. खो-खो, कबड्डी, लगोरी, क्रिकेट, फुटबॉल या खेळांना सलग मोकळी जमीन लागते आणि त्या जमिनीला पर्याय नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे आणि मुंबईकराच्या वाट्याला त्याच्या दशांशाच्या आसपासच जागा येते. अशा शहरात मोकळी जमीन हीच सर्वांत मोठी सुविधा आहे, असे मी मानतो.

जमिनीच्या पृष्ठभागाविषयीही रहिवाशांशी आधी बोलावे. लाल माती खेळाडूंना हवी असते, पण वाऱ्याने उडणारी धूळ समोरच्या घरांत जाते. शिवाजी पार्कच्या रहिवाशांचा हा प्रश्न अनेक वर्षे गाजत आहे. खेळाडू आणि खिडकीत राहणारे लोक यांना एकत्र बसवून पाणी मारण्याच्या वेळा, हिरवळीचा पट्टा, कुंपणालगत दाट झाडी असे उपाय ठरवता येतात. मात्र तोडगा म्हणून अख्खे मैदान पेव्हर ब्लॉकने झाकू नका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. पेव्हर ब्लॉकवर पडलेल्या मुलाचे गुडघे मी पाहिले आहेत.

आराखडाकार

आपले म्हणणे मला मान्य आहे आणि लालबागकरांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. सहभाग म्हणजे जागेची वाटणी नव्हे. मागण्या आड येतात तेव्हा जागा वाटण्याआधी वेळ वाटता येते का, ते पाहावे. सकाळी चालणारे आणि संध्याकाळी खेळणारे यांना एकच कडेची वाट पुरते. रंगमंचाची गरज वर्षातले मोजके दिवस असते, तेवढ्यासाठी तात्पुरते व्यासपीठ उभारता येते. मुलांची गरज रोजची असते. निर्णयासाठी बैठकीत हात वर करून मतदान घेण्याऐवजी काही कसोट्या आधीच सर्वांसमोर ठरवून लिहून ठेवाव्यात: मधली सलग जागा कमी होणार नाही, एकही झाड जाणार नाही, ज्यांना दुसरीकडे जागा नाही त्यांची गरज आधी. पोडियमवर, म्हणजे खालच्या पार्किंग मजल्यांच्या छतावर, स्वतःची बाग असलेल्या इमारतीतील मूल आणि दहा बाय बाराच्या खोलीत राहणारे मूल यांच्या गरजा सारख्या धरता येणार नाहीत. इमारतीतल्या मुलांनीही खाली यावे, अशी माझी इच्छा आहे, पण प्राधान्य कोणाला, हे स्पष्ट असावे.

माजी अभियंता

मी महानगरपालिकेच्या सेवेत होतो, त्यामुळे चौथ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. लोकांनी कष्टाने ठरवलेल्या गोष्टी वाटेत कुठे गळतात, हे मी आतून पाहिले आहे.

सर्वप्रथम जागेचे आरक्षण कोणते आहे, ते तपासा. मुंबईच्या विकास आराखडा २०३४ (डीपी) मध्ये खेळाचे मैदान, मनोरंजन मैदान आणि उद्यान हे वेगवेगळे प्रकार आहेत आणि कशावर किती बांधकाम करता येते, याचे नियम विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दिलेले आहेत. जमिनीच्या भूमापन क्रमांकावरून, म्हणजे शहर भागात सी.एस. आणि उपनगरांत सी.टी.एस. क्रमांकावरून, महापालिकेच्या संकेतस्थळावर शुल्क भरून डीपी रिमार्क, म्हणजे त्या जागेच्या आरक्षणाचा अधिकृत शेरा, मिळतो. तो काढून घ्या आणि बैठकीत वाचून दाखवा. कायमचा रंगमंच, कमान, कार्यालय यांसारख्या मागण्यांवरची निम्मी चर्चा तिथेच संपेल, कारण खेळाच्या मैदानावर काय बसते आणि काय बसत नाही, हे सर्वांना एकदम कळेल.

दुसरी गोष्ट अंदाजपत्रकाची. नागरिकांच्या सूचना पत्राच्या रूपात फाइलला लागतात, पण काम अंदाजपत्रकाप्रमाणे होते. त्यात प्रत्येक बाब परिमाण आणि दरासह लिहिलेली असते आणि जी बाब तिथे नाही ती जमिनीवर येत नाही. "पावसाचे पाणी साचू नये" असे पत्रात लिहिले आणि अंदाजपत्रकात चर, उतार आणि वाहिनीला जोडणी यांची नोंद नसेल, तर नव्या रंगाचे मैदान पुढच्या जूनमध्ये पुन्हा तळे होईल. म्हणून आपल्या प्रत्येक सूचनेसमोर ती कोणत्या बाबीत आली, असा तक्ता करून कनिष्ठ अभियंत्यासोबत बसा आणि निविदा निघण्याआधी बसा. निविदेनंतरचा प्रत्येक बदल म्हणजे फेरफार आणि त्याला पुन्हा मंजुरी लागते, त्यामुळे अधिकाऱ्याची इच्छा असूनही हात बांधलेले असतात. नकाशा किंवा अंदाजपत्रक सहज मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. मात्र आधी भेट घेऊन मागा. अनेक अधिकारी आनंदाने दाखवतात आणि नाते चांगले राहते.

पाण्याचा कोपरा हा मैदानाच्या नूतनीकरणातला सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक विषय आहे, तरी तो कोणत्याही बैठकीत शेवटी येतो. मुंबईत चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भोवतीच्या रस्त्यांचे काँक्रिटीकरण झाले की रस्त्याची पातळी वर येते आणि जुने मैदान खोलगट राहते. त्यामुळे आसपासच्या रस्त्याची आणि मैदानाची पातळी मोजून घ्या, पाणी कोणत्या पर्जन्यजल वाहिनीत जाणार, हे नकाशावर दाखवायला सांगा आणि भरतीच्या वेळी ती वाहिनी तुंबते का, हे जुन्या रहिवाशांना विचारा. हे ज्ञान फक्त त्यांच्याकडे असते. कोणत्या सालच्या पावसात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते, ते चाळीतल्या आजी सांगतील आणि तो आकडा सल्लागाराला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

वडाच्या बाबतीत सावध राहा. झाड तोडण्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे सर्वांना माहीत असते. मुळांवरून चर खणला किंवा बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले, तर झाड परवानगीशिवायच मरते. बुंध्याभोवती मोकळी माती ठेवण्याची अट नकाशातच लिहून घ्या.

शेवटचा मुद्दा वेळेचा. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो आणि मातीकाम पावसाळ्यात करता येत नाही. आपली प्रक्रिया पावसाळ्यात पूर्ण करा, म्हणजे साचलेले पाणीही सर्वांना डोळ्यांनी पाहता येईल आणि ऑक्टोबरपासून काम सुरू होऊ शकेल.

एक पालक

माझी मुलगी चाकांच्या खुर्चीवर असते. वरच्या सर्व सूचना उत्तम आहेत, पण आम्ही बहुतेक मैदानांच्या फाटकापाशीच थांबतो. दुचाक्या आत जाऊ नयेत म्हणून तिथे जे आडवेतिडवे लोखंडी बार बसवतात त्यांमधून खुर्ची जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागा सुगम असणे बंधनकारक आहे. उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, एवढे तरी नकाशात पाहावे. फाटकापासून सावलीतल्या जागेपर्यंत आणि तिथून इतर मुले खेळतात तिथपर्यंत एक सलग, कडक पृष्ठभागाची वाट असावी. दिव्यांग मुलांसाठी कोपऱ्यात वेगळा झोपाळा लावून त्याला फलक लावू नका. तिला इतर मुलांमध्ये जायचे आहे. वाळूचा हौद थोडा उंच कठड्याचा केला तर ती खुर्चीत बसूनही त्यात हात घालू शकेल. आणि चुन्याने आखणी कराल तेव्हा परिसरातील अशा घरांना निरोप पाठवा. आम्ही बैठकांना येत नाही, कारण कार्यालये बहुधा पायऱ्या चढून वर असतात.

लालबागकर

आपण सर्वांनी दिलेला वेळ आणि आपुलकी यांबद्दल मनःपूर्वक आभार. यादी पाठवणे आम्ही लांबणीवर टाकले आहे आणि पाहणीसाठी परिसरातील महाविद्यालयीन मुलामुलींचे गट तयार होत आहेत. कार्यकर्त्यांनाही फक्कीच्या आखणीची कल्पना आवडली, कबड्डीमुळे ती त्यांच्या हातातलीच आहे. आणखी दोन गोष्टींवर मार्गदर्शन हवे आहे. गुरुपौर्णिमेपासून आमच्या गोविंदा पथकाचा सराव या मैदानावर सुरू होतो आणि पुढे गणेशोत्सवाचा मंडपही इथेच असतो. ही आमच्या परिसराची ओळख आहे, ती जाऊ नये, पण मुलांचे खेळाचे साहित्य त्या काळात कायम अडचणीत येते. दुसरे म्हणजे, काम पूर्ण झाल्यावर देखभाल कोणी करावी? काही जण मैदान संस्थेने दत्तक घ्यावे, असे सुचवत आहेत.

आराखडाकार

सरावाची जागा आणि मंडपाचा खड्डा हे दोन्ही आराखड्यात पहिल्यापासून दाखवा. लपवून ठेवलेली गरज नंतर हातोडा घेऊन येते. मंडपाच्या खांबांसाठी जमिनीत कायमची झाकणबंद नळकांडी बसवली तर दरवर्षी खोदाई करावी लागत नाही आणि खड्ड्यात पाय मुरगळण्याचा धोकाही टळतो. थर लावण्यासाठी मधली सलग, मऊ जमीन लागते, म्हणजे पथकाची गरज आणि खेळाडूंची गरज एकच आहे. मुलांचे साहित्य वडाच्या बाजूला कडेला ठेवले की ते कोणाच्याही आड येत नाही. साहित्याभोवती पडण्याची मोकळी जागाही धरा. मैदानातील खेळाच्या साहित्याच्या सुरक्षिततेचे युरोपीय मानक ईएन ११७६ यामध्ये ती किमान दीड मीटर आहे, पडण्याची उंची तीन मीटरपेक्षा अधिक चालत नाही आणि झोपाळ्याच्या एका चौकटीत दोनपेक्षा जास्त बैठका नसतात. या मापांचे पालन करणारा पुरवठादारच घ्यावा, असे निविदेत लिहिता येते.

माजी अभियंता

दत्तक घेण्याविषयी सावधपणे पुढे जावे. नागरिकांच्या पाठपुराव्याने चर्चगेटच्या ओव्हल मैदानासारख्या जागा सुधारल्या, हे खरे आहे. त्याचबरोबर दत्तक दिलेल्या काही भूखंडांवर सामान्यांना प्रवेश मिळेनासा झाल्याच्या तक्रारीही झाल्या आणि २०१६ मध्ये महापालिकेने मंजूर केलेल्या दत्तक धोरणाला तीव्र विरोध झाल्यावर मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. मालकी, सुरक्षारक्षक आणि माळी महापालिकेचेच राहावेत आणि आपण देखरेख समिती करावी, असे माझे मत आहे. त्या समितीत मंडळाच्या प्रतिनिधीइतकीच जागा बचत गटाच्या भगिनीला, शाळेच्या शिक्षकाला आणि चौदा-पंधरा वर्षांच्या दोन मुलामुलींना द्यावी.

कंत्राटातील दोषदायित्व कालावधी किती आहे, ते कार्यादेशातून पाहून घ्या. त्या काळात तुटलेली बैठक, उखडलेली फरशी, सैल झालेला बोल्ट हे सगळे कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते, पण तक्रार लेखी आणि तारखेसह असावी लागते. महिन्याच्या ठरावीक दिवशी समितीने फेरी मारावी, छायाचित्रे काढावीत आणि पत्राची पोच घ्यावी. पहिल्या पावसानंतरची फेरी चुकवू नका. उतार बरोबर दिला आहे की नाही, ते त्याच दिवशी दिसते आणि ते दुरुस्त करून घेण्याचा आपला हक्क तेव्हा शाबूत असतो.